टाचदुखी आणि घरच्या घरी करावयाचे उपाय

(समाजाच्या वार्षिक संमेलनात जालना येथे केलेले भाषण)



संमेलनात शिक्षण, वसतिगृह, वधूवर-परिचय अशा विषयांवर बोलण्याचा आपला प्रघात आहे. त्या पंक्तीत टाचेच्या दुखण्याने येऊन बसावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. तथापि आरोग्यासंबंधी चार शब्द सांगावेत अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हा मोठमोठ्या रोगांची नावे बाजूस सारून आम्ही बुद्ध्याच हा विषय घेतला. ह्या दुखण्याने कोणी मरत नाही, आणि म्हणूनच त्याच्याकडे कोणी पाहत नाही. परंतु माणसाचे उभे राहणे आणि चालणे ह्या दोन्हींवर ते घाला घालते. आणि आपला शिंपी समाज तर पिढ्यान्पिढ्या ह्या दोहोंच्या बळावर जगत आलेला आहे.

मशीनवरचा कारागीर बसून काम करतो हे खरे. परंतु मापे घेणारा, कापड बेतणारा, इस्त्री करणारा हे सारे दिवसभर उभे असतात. लग्नसराई, जूनमधील शाळेच्या गणवेशांची गर्दी आणि दिवाळीचा तोंडावर आलेला वायदा, ह्या तीन हंगामांत शहाबादी फरशीवर बारा-बारा तास उभे राहणे कोणाला चुकत नाही. जालन्याच्या रोलिंग मिलमधील कामगार, मोंढ्यातील हमाल, शाळेतील शिक्षक, दवाखान्यातील परिचारिका ह्यांची गत निराळी नाही. इंग्रजीत ह्या व्याधीला पूर्वी ‘पोलिसाची टाच’ असेच म्हणत. ते लोक शिंप्याला विसरले, एवढेच.

आता हे दुखणे ओळखावे कसे? त्याची खूण फार स्पष्ट आहे. पहाटे अंथरुणातून उठून पहिले पाऊल जमिनीवर टेकले की टाचेच्या खाली, आतल्या अंगाला, खिळा घुसल्यासारखी कळ येते. दहावीस पावले चालले की ती बोथट होते. बराच वेळ बसून उठले की पुन्हा तेच. दिवसभर उभे राहिल्यावर संध्याकाळी ठणका लागतो. दर दहा माणसांत एकाला तरी आयुष्यात केव्हा ना केव्हा हा अनुभव येतो असे वैद्यक मानते. विशेषतः चाळिशी ते साठी ह्या वयात.

तळपायाच्या कातडीखाली एक चिवट पट्टा असतो. तो टाचेच्या हाडापासून निघून पायाच्या पाचही बोटांपर्यंत पसरतो आणि पायाची कमान तोलून धरतो. डॉक्टर त्याला प्लँटर फॅशिआ म्हणतात आणि त्याच्या दुखण्याला प्लँटर फॅशिआयटिस. आपल्यासारख्यांना हे समजावून देणे सोपे आहे. घट्ट बेतलेला कपडा कोठे उसवतो? मधल्या कापडात नव्हे, तर ताण जेथे एकवटतो त्या शिवणीवर. हा पट्टा टाचेच्या हाडाला जेथे जोडलेला असतो तेथेच तो झिजतो, बारीक बारीक विरतो. रात्री निजल्यावर पावले सैल होऊन खाली झुकतात आणि पट्टा आखडून बसतो. पहाटे सर्व देहाचा भार एकदम त्यावर पडतो आणि रात्री शरीराने घातलेले टाके पहिल्याच पावलाला उसवतात. पोटरीचे स्नायू आखडलेले असले, वजन वाढलेले असले, किंवा सवय नसताना एकाएकी पुष्कळ चालणे झाले, तर ताण आणखी वाढतो.

येथे एका गैरसमजाचा समाचार घेणे अवश्य आहे. एक्स-रे काढला की पुष्कळांच्या टाचेच्या हाडाला लहानसा काटा आलेला दिसतो आणि ‘हाड वाढले’ हा शब्द घरात शिरतो. मंठ्याकडील एक गृहस्थ असाच लिफाफा हातात घेऊन आमच्याकडे आले. हाड वाढले म्हणजे आता शस्त्रक्रियेवाचून गत्यंतर नाही, असे कोणी त्यांच्या मनात भरविले होते, आणि त्यांनी चालते दुकान पुतण्याच्या हवाली करण्याचे ठरविले होते! वस्तुतः असा काटा टाच मुळीच न दुखणाऱ्या असंख्य माणसांतही सापडतो, आणि ज्यांचे दुखणे पूर्ण बरे झाले त्यांच्याही एक्स-रेत तो जसाच्या तसा राहतो. दुखते ते पट्ट्याचे मूळ. शंभरांतील ऐंशी-नव्वद लोक शस्त्रक्रियेविना वर्षभरात बरे होतात. मात्र हे काम आठ दिवसांचे नव्हे, काही महिन्यांचे आहे. बहुतेकांचा धीर तिसऱ्या आठवड्यात सुटतो आणि मग ते डॉक्टर बदलीत हिंडतात.

मुख्य उपाय तोच आम्ही प्रथम सांगतो. त्याला एक पैसाही लागत नाही. पलंगाच्या कडेवर बसावे. दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर आडवा ठेवावा. त्याच बाजूच्या हाताने पायाची पाचही बोटे धरून नडगीच्या दिशेने मागे ओढावीत. दुसऱ्या हाताने तळवा चाचपून पाहावा. आत ताणलेली दोरी हाताला लागली म्हणजे ओढ बरोबर बसली. दहा अंक मोजेपर्यंत धरून सोडावे. असे दहा वेळा, आणि दिवसातून तीनदा. त्यांतील पहिली खेप पहाटे, पाय जमिनीला लागण्यापूर्वी झाली पाहिजे. ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे डॉ. डिजिओव्हानी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी दहा महिन्यांहून अधिक काळ टाच दुखत असलेल्या १०१ रुग्णांवर हा प्रयोग करून २००३ साली तो प्रसिद्ध केला. केवळ पोटरी ताणणाऱ्यांपेक्षा तळव्याचा हा पट्टा ताणणाऱ्यांना आठ आठवड्यांत अधिक आराम पडला, असे त्यांना आढळले.

तरी पोटरीलाही विसरू नये. भिंतीला दोन्ही हात टेकून दुखरा पाय मागे ठेवावा, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. आणि पुढे झुकून तीस अंक मोजावेत. दुकानात बेताच्या टेबलाला टेकूनही हे करता येते आणि गिऱ्हाइकाच्या लक्षातही येत नाही.

कळ थोडी ओसरल्यावर पायाला बळ आणणारा एक व्यायाम आहे. जिन्याच्या पायरीवर गुंडाळलेला टॉवेल ठेवून त्यावर पायाची बोटे टेकावीत, टाच पायरीबाहेर अधांतरी ठेवावी, कठड्याला धरावे. मग तीन अंकांत टाच सावकाश उचलावी, दोन अंक थांबावे, तीन अंकांत खाली आणावी. एक दिवसाआड करावे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१४ साली ह्याचा अनुभव प्रसिद्ध केला. तीन महिन्यांच्या अखेरीस असा व्यायाम करणारे नुसते ताण देणाऱ्यांपेक्षा पुढे होते, वर्षअखेर मात्र दोन्ही गट सारखेच होते. तोल जाणाऱ्या वृद्धांनी ह्या भानगडीत पडू नये.

ठणका फार असेल तेव्हा पाण्याची बाटली बर्फ करून, तीवर फडके गुंडाळून, तळपायाखाली दहा मिनिटे मागेपुढे फिरवावी. बाटली नसली तर लाटणेही चालते. ते पुन्हा पोळपाटावर जाऊ नये, एवढीच विनंती.

आता पादत्राणांकडे वळू, आणि येथेच आम्हाला भगिनींशी थोडे स्पष्ट बोलावयाचे आहे. आपल्या आज्या-पणज्या चुलीपुढे पाटावर बसून स्वयंपाक करीत आणि त्यांच्या पायाखाली शेणाने सारवलेली जमीन असे. चूल गेली, ओटा आला. जमीन गेली, फरशी आली. काम बैठकीचे होते ते उभ्याचे झाले, परंतु स्वयंपाकघरात चप्पल चालत नाही हा नियम तेवढा जागच्या जागी राहिला. पहाटे घरात सर्वांच्या आधी पहिले पाऊल टाकते ती गृहिणी, आणि ते अनवाणी, थंडगार कठीण फरशीवर. कळ आली तर ती ओठ मिटून घेते. टाच टेकता येत नाही म्हणून वर्षवर्ष चवड्यावर चालणाऱ्या आणि मग गुडघा व कंबर धरली म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या भगिनी आम्ही कितीतरी पाहिल्या आहेत. सोवळे-ओवळे हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. त्यात आम्ही शिरत नाही. पण केवळ घरात वापरावयाची, उंबऱ्याबाहेर कधीही न गेलेली स्वच्छ मऊ चप्पल ओट्यापाशी घालण्यास कोणत्या देवाचा विरोध असेल, असे आम्हाला वाटत नाही. ज्या घरी हे पटणार नाही तेथे निदान ओट्यापुढे जाड चटई किंवा घडी घातलेली सतरंजी अंथरावी, भाजी निवडणे आणि कणीक मळणे बसून करावे. सासूबाईंनी हा पुढाकार घेतला तर सुनेला तोंड उघडावे लागणार नाही.

चप्पल कशी असावी? झिजून पापुद्र्यासारखी झालेली स्लीपर टाकून द्यावी. टाचेखाली मऊ, किंचित उंच, कमानीला आधार देणारी आणि मधोमध दुमडून न जाणारी अशी चप्पल किंवा बूट घ्यावा. कोल्हापुरी दिसावयास देखणी, पण सपाट आणि कठीण. दुखणे असेतो ती खुंटीवर राहू द्यावी. टाचेखाली ठेवावयाची मऊ गादी औषधांच्या दुकानात मिळते, तिचाही उपयोग होतो.

आपल्याकडील जुन्या उपायांविषयी विचारणा होते. सुश्रुतसंहितेत वातकंटक नावाची व्याधी सांगितली आहे. पाऊल विषम पडल्याने पायाच्या सांध्याशी वात कुपित होऊन वेदना होतात, असे तिचे वर्णन आहे. काशाच्या वाटीने तळवे घासणे, तीळतेलाने चोळणे ह्यांनी पोटरी सैल होते, झोप चांगली लागते. ते अवश्य करावे, परंतु ताण देण्याचा व्यायाम सोडून नव्हे. तापलेल्या विटेवर रुईची पाने ठेवून टाच शेकण्याची रीत मराठवाड्यात घरोघर आहे. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी मात्र ती कटाक्षाने टाळावी. त्यांच्या तळव्यांची संवेदना मंदावलेली असते. वीट किती तापली हे कळत नाही, फोड येतो, तो चिघळतो, आणि टाचदुखीचे निमित्त होऊन पाय गमावण्याची पाळी येते. बर्फाच्या बाबतीतही त्यांनी हीच सावधगिरी बाळगावी. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते हेही ध्यानात असू द्यावे.

दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने घेऊ नयेत. पोट, मूत्रपिंड आणि रक्तदाब ह्यांवर त्या परिणाम करतात. टाचेत स्टिरॉइडचे इंजेक्शन दिल्यास काही आठवडे बरे वाटते, परंतु ते वारंवार घेतले तर पट्टा तुटण्याचा आणि टाचेखालील नैसर्गिक गादी विरळ होण्याचा धोका असतो.

मधुमेहाचा उल्लेख निघालाच आहे. डॉक्टरांनी चालावयास सांगितले म्हणून पन्नाशीचा गृहस्थ एके दिवशी उठून एकदम पाच किलोमीटर चालतो, महिन्याभरात टाच धरते, चालणे बंद होते, आणि साखर पुन्हा चढते. टाच दुखली तर चालणे कमी करावे, परंतु सायकल किंवा पोहणे चालू ठेवावे; देहाला स्वस्थ बसू देऊ नये.

हाच न्याय आपल्या पदयात्रांना लागू आहे. अंगारकी चतुर्थीला जालन्याहून राजूरच्या गणपतीला रात्रभर चालत जाणारी आपली तरुण मंडळी पुष्कळ आहेत. अंतर सुमारे २५ किलोमीटर, रस्ता डांबरी, आणि कित्येकांचे पाय अनवाणी. आपले नामदेव महाराज पंढरीहून पंजाबात घुमानपर्यंत गेले. पण ते रोज चालणारे होते. वर्षभर काउंटरमागे उभे राहून एका रात्रीत २५ किलोमीटर चालणे ही निराळी गोष्ट. दीड-दोन महिने आधीपासून अंतर हळूहळू वाढवावे. नवस अनवाणी चालण्याचाच असेल तर शेवटचा टप्पा अनवाणी चालावा. गजाननाला तेवढे पुरेल असा आमचा विश्वास आहे.

काही लक्षणे मात्र घरी बसून पाहण्यासारखी नव्हेत. टाच लाल होऊन सुजली आणि ताप आला. रात्री निजल्या जागीही ठणका थांबेना. पायाला मुंग्या किंवा बधिरता आली. उडी मारताना काही तुटल्याचा आवाज होऊन पाय टेकेना. मधुमेही माणसाच्या पायाला जखम दिसली. किंवा तरुण वयात दोन्ही टाचा दुखून सकाळी कंबरही ताठत असली, तर अस्थिरोगतज्ज्ञाला त्वरित दाखवावे. ह्यातील शेवटचे लक्षण सांध्यांच्या निराळ्याच व्याधीचे असू शकते. एरवीही तीन महिने मनापासून उपाय करून उतार पडला नाही तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पंगतीची पाने मांडली जात आहेत, तेव्हा आटोपते घेतो. जेवण होईपर्यंत आपण अर्धा तास मांडी घालून बसणार, आणि उठताना ज्यांची टाच दुखते त्यांना पहिल्या पावलाला कळ येणारच. त्यांनी ताटावरून हात धुण्यास उठण्यापूर्वी उजव्या हाताला भात लागलेला असेल म्हणून डाव्या हाताने बोटे ओढावीत, दहा अंक मोजावेत, आणि मगच उठावे. भोजनानंतर ज्या भगिनींना व्यायाम प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी आम्ही मंडपाच्या उजव्या बाजूस एक बाक मांडून ठेविला आहे.