कंबरेचा घेर आणि स्त्रियांचे आरोग्य

स्थूलतेचा विचार बहुधा वजनकाट्यापाशीच सुरू होतो आणि तेथेच संपतो; वास्तविक शरीरात चरबी किती आहे याइतकेच ती कोठे साठली आहे यालाही महत्त्व असते. फ्रान्समधील मार्सेय येथील वैद्य जाँ व्हाग यांनी १९४७ मध्येच पोटाभोवती साठणारी आणि नितंब व मांड्यांवर साठणारी चरबी यांत भेद करून, पहिलीचा संबंध मधुमेहाशी जोडला होता.

पोटावरची चरबीही एकाच प्रकारची नसते. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबी तुलनेने कमी उपद्रवी असते, तर आतडी, यकृत अशा अवयवांभोवती साठणारी आंतरिक चरबी डोळ्यांना दिसत नाही, परंतु अपाय मुख्यतः तिच्यामुळे होतो. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले रक्तावाटे थेट यकृतात पोहोचतात, तेथे मेद साचू लागतो, आणि रक्तातील साखर पेशींत पोहोचवणाऱ्या इन्शुलिन या संप्रेरकाला शरीर पुरेसा प्रतिसाद देईनासे होते. याच चरबीतून दाह वाढवणारी द्रव्येही स्रवतात. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार एकाच व्यक्तीत वारंवार एकत्र का आढळतात, याचा उलगडा बऱ्याच अंशी येथे होतो.

भारतीयांच्या बाबतीत वजनकाटा विशेष फसवा ठरतो. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनात असे दिसले की, येथील नवजात बालके इंग्लंडमधील बालकांपेक्षा वजनाने बरीच कमी आणि स्नायूंनी कृश असली, तरी त्यांच्या शरीरातील चरबी त्या मानाने टिकून असते. म्हणजे आईच्या पोषणाचा प्रश्न आणि पुढच्या पिढीच्या मधुमेहाचा प्रश्न परस्परांपासून वेगळे काढता येत नाहीत, आणि ही गोष्ट आरोग्यधोरणात अजून पुरेशी उतरलेली नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील २४ टक्के स्त्रिया उंचीच्या मानाने अतिवजनी किंवा स्थूल आढळल्या. परंतु कंबर आणि नितंब यांच्या घेरांचे गुणोत्तर पाहिले, तेव्हा धोक्याच्या पातळीवरील स्त्रियांचे प्रमाण ५७ टक्के निघाले.

पाळी कायमची थांबल्यावर इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक घटते आणि नितंब-मांड्यांकडे जाणारी चरबी पोटाकडे वळू लागते. त्यामुळे वजन फारसे न वाढताही या वयात पोट सुटते. त्यानंतर चरबीच्या पेशी स्वतःच थोडे इस्ट्रोजेन तयार करीत राहतात, आणि या वयातील स्थूल स्त्रियांत स्तनांच्या व गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढण्याचे ते एक कारण मानले जाते.

केवळ पोटाचे व्यायाम करून तेवढीच चरबी उतरत नाही, आणि उपासतापासाने स्नायूच झिजण्याची भीती असते. आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालणे, स्नायूंना बळ देणारे व्यायाम, पुरेशी झोप आणि आहारात डाळी-उसळींचे वाढते प्रमाण यांचा उपयोग होतो. मात्र त्यासाठी घरातील स्त्रीला स्वतःचा असा वेळ मिळवून देणे ही सर्व कुटुंबाची जबाबदारी आहे. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, टेपने घेर मोजावा. तो ८० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक भरल्यास, वजन योग्य असले तरी, स्त्रियांनी रक्तदाब, रक्तातील साखर आणि मेद यांची तपासणी विनाविलंब करून घ्यावी.