जुन्या दिव्याला नवी शेड



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर वेदान्त, अर्थकारण, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय यावयाचे, ही जुनी रीत. आमचा आजचा विषय त्या मानाने अगदीच घरगुती आहे. माजघरात टांगलेला जुना पितळी दिवा आणि त्याला घालावयाची नवी शेड, एवढेच आम्ही बोलणार आहोत. पण दिव्याची गोष्ट उजेडापाशी थांबत नाही, हे कोलाड परिसरातल्या माणसाला तरी वेगळे सांगावयास नको.

कोलाडहून कुंडलिकेच्या काठाने वर गेले की भिरा लागते. मुळशीच्या धरणाचे पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडते, सुमारे पाचशे मीटर खाली कोसळते, आणि तेथे १९२७ पासून टाटांचे वीजघर चालते. जे पाणी मुळा, भीमा, कृष्णा करीत बंगालच्या उपसागराला जावयाचे, ते चाके फिरवून कुंडलिकेत उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. आज कोलाडला नदीत होड्या घालण्यासाठी जे शहरी लोक येतात, ते याच पाण्यावर तरंगतात. या विजेसाठी मावळातली गावे पाण्याखाली गेली. १९२१ साली तेथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांच्या पाठीशी उभे राहिले. धरण झालेच, आणि वीज गेली मुंबईस. वीजघराच्या पायथ्याशी राहणाऱ्या खेड्यांत मात्र पुढेही कैक वर्षे रॉकेलचाच कंदील जळत होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा!

त्या कंदिलाचीही एक स्वदेशी कथा आहे. घरोघर फिरून पैसा पैसा जमवला आणि त्यातून तळेगावला १९०८ साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला. पुढे १९१६ साली ओगले बंधूंनी कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस काच कारखाना काढला. तेथला ‘प्रभाकर’ कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचला. त्या काळी काचेचे काम काय होते? ज्योत वाऱ्यापासून राखणे आणि तिला खालून हवेची ओढ देणे. वीज आली, ज्योत गेली. पुष्कळ घरांनी टांगत्या दिव्यातली तेलाची टाकी काढून तेथे होल्डर बसवला. काच तीच राहिली, तिचे काम मात्र पालटले. पूर्वी ती वाऱ्यापासून दिव्याला वाचवी. आता ती दिव्यापासून डोळ्याला वाचवू लागली. शेड निवडताना हे एकच सूत्र ध्यानात धरले तरी निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे असे. जुना तारेचा बल्ब शंभरातला जेमतेम पाच भाग उजेड देई आणि बाकीची उष्णता. म्हणून शेड काचेची नाही तर पत्र्याची असावी लागे. कागद किंवा कापड जवळ आणले तर करपे. आज साठ वॅटच्या बल्बाइतका उजेड आठ-नऊ वॅटचा एलईडी देतो आणि पुष्कळच थंड राहतो. आमच्या मते या विषयातली खरी नवी गोष्ट हीच आहे. बुरुडाने विणलेली बांबूची टोपली आता दिव्याची शेड होऊ शकते! सुपे आणि रोवळ्या विणणाऱ्या हातांना, प्लास्टिकने हिरावलेले काम या वाटेने थोडे तरी परत मिळेल. कीड लागू नये म्हणून बांबू टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात भिजवून नीट वाळवावा, म्हणजे कोकणच्या पावसाळ्यातही तो तग धरील. मात्र शेड वरून बंद नसावी. एलईडीची उष्णता त्याच्या बुडाशी साठते. तिला वाट मिळाली नाही तर दिवा अकाली जातो.

वाचनाच्या जागी आतून पांढरी असलेली, खाली तोंड असलेली शेड घ्यावी. उजेड पुस्तकावर पडतो आणि डोळ्यात शिरत नाही. ओटीवर, देवघरात दुधी काच बरी. तिच्यातून उजेड सारखा पसरतो. गडद रंगीत काच शोभेला ठीक, पण तिच्याखाली मुलाला अभ्यासाला बसवू नये.

शेड आणण्यापूर्वी मात्र दिवा खाली उतरवावा, तोही मेन स्विच बंद करून. जुन्या तारेवरचे रबर आणि सुती वेष्टण वाळून भुगा झालेले असते. पितळी नळीत अशी तार उघडी पडली की सगळा दिवाच विजेचा होतो. तार आणि होल्डर नवे घालावे, पितळेला अर्थिंग जोडावे, छताचा आकडा शेडचे वजन पेलतो की नाही ते पाहावे. हे काम जाणत्या वायरमनकडूनच करून घ्यावे. येथे काटकसर नको. शेडच्या गळ्याचे माप दिव्यावरून घ्यावे, अंदाजाने नव्हे. पितळ चिंचेने उजळते, पण घासणे तार बसवण्यापूर्वी उरकावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बाजारात तयार दिवा स्वस्त मिळतो, आणि जुना मोडीत घातला तर पितळेचे पैसे येतात. खरे आहे. कोकणातली किती घरे आज वर्षातून गणपतीपुरतीच उघडतात! तेथला दिवा एकदा का वजनावर विकला गेला, की त्याच्याखाली कोण जेवले, कोण शिकले, याची आठवणही त्याच तागडीत जाते. उलट तोच दिवा नीट करून लावला, तर घराला उघडण्याचे आणखी एक कारण मिळते.

आणि एक शेवटचे. आपल्या उजेडासाठी कोणाची तरी शेते बुडाली, हे मुळशी-भिऱ्याने आपल्याला शिकवले आहे. साठ वॅटांचे काम नऊ वॅटांत होत असताना जास्त जाळण्याचा अधिकार आपल्याला नाही. जुने पितळ राखावे, नवी शेड घालावी, आणि खोलीतून बाहेर पडताना बटण बंद करावे, एवढेच आमचे मागणे.