तपासणी झाली, पुढे काय?



राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच झाला. सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी आणि आढळलेल्या दोषांवर मोफत उपचार, हे त्याचे वचन.

परंतु तपासणी शाळेत होते आणि उपचार रुग्णालयात. फळ्यावरची अक्षरे न दिसणाऱ्या मुलीच्या हाती चिठ्ठी पडते. तिला कळव्याच्या किंवा कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात न्यायचे, तर रोजंदारीवरील आईचा रोज बुडतो. पुन्हा बोलावले तर आणखी एक. उपचार मोफत असला, तरी तो दिवस मोफत नसतो. हा खर्च कोणत्याही अंदाजपत्रकात दिसत नाही. तो गरिबाच्या चुलीवर पडतो. मग चिठ्ठी दप्तरातच राहिली, तर दोष आईच्या अज्ञानाला द्यायचा काय?

म्हणून ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांकडे आपली मागणी स्पष्ट असावी: किती मुले तपासली याबरोबरच किती मुलांचे उपचार पूर्ण झाले, हे शाळावार जाहीर करा, या मुलांसाठी रविवारी बाह्यरुग्ण विभाग उघडा. तोवर आपल्या प्रत्येक शाखेने एकेक शाळा निवडावी आणि चिठ्ठी मिळालेल्या मुलांना पालकांच्या संमतीने रुग्णालयापर्यंत पोहोचवावे.