तान्ह्या बाळांवरची चाचणी

आज सांगणार आहे एका औषधाच्या चाचणीविषयी. चाचणी झाली अमेरिकेत. तिथं हा आजार दुर्मीळ गणला जातो. आपल्याकडे मात्र विदर्भात आणि नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यात त्याचं नाव घरोघरी ठाऊक आहे : सिकलसेल.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी प्राणवायू सोडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. बाळाचे हात-पाय सुजतात, ते कळवळून रडतं. आत प्लीहा हळूहळू निकामी होत जाते. हायड्रॉक्सियुरिया या औषधामुळे बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन पुन्हा वाढतं आणि पेशी कमी वाकतात. मोठ्या माणसांसाठी अमेरिकेत १९९८ साली त्याला मान्यता मिळाली. पण हे मुळात कर्करोगाचं औषध. रांगत्या मुलाला ते द्यायचं?

हे पाहण्यासाठी ‘बेबी हग’ ही चाचणी झाली. ९ ते १८ महिन्यांची १९३ बाळं. नशिबावर सोडून वाटणी केली : ९६ जणांना औषध, ९७ जणांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं द्रावण. कुणाला काय मिळतंय हे आईबापांना माहीत नाही, उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही नाही. दोन वर्षं रोज ते पाजायचं आणि वरचेवर बाळाचं रक्त काढू द्यायचं. त्या आईबापांचं ऋण फार मोठं आहे. निम्म्या बाळांना औषधच न देणं अन्यायाचं वाटेल, पण इतक्या लहान वयात औषध तारेल की अपाय करेल, हे तेव्हा खरोखरच कुणाला माहीत नव्हतं.

मुख्य प्रश्न आधीच ठरला होता : प्लीहा आणि मूत्रपिंडं वाचतात का? २०११ साली निकाल छापून आला : तसा ठोस फरक दिसला नाही. संशोधकांनी हे उत्तर झाकलं नाही, प्रश्नही बदलला नाही. मला या चाचणीचा आदर वाटतो तो इथं.

पण दुखण्याचे प्रसंग? औषधाविना ३७५, औषधाने १७७. हातापायांची सूज १२३ वेळांवरून २४ वर आली. पांढऱ्या पेशी काहींच्या घटल्या, पण सहसा फार नाही.

२०१४ च्या अमेरिकी मार्गदर्शिकेनं सांगितलं : त्रास कमी असो की जास्त, नऊ महिन्यांपुढच्या अशा प्रत्येक बाळाला हे औषध देऊ करावं. तुमच्या बाळाच्या तपासणीच्या कागदावर ‘एसएस’, म्हणजे सिकलसेल आजार, असं लिहिलं असेल, तर डॉक्टरांना या औषधाबद्दल जरूर विचारा. सुरू केलंत, तर रक्ततपासणीची एकही तारीख चुकवू नका.