बागेतलं सुख



सुखवादी म्हटलं की पंगतीत बासुंदीची तिसरी वाटी मागणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. सुखवाद्यांचा मेरुमणी, ग्रीक तत्त्वज्ञ एपिक्युरस मात्र मित्राला पत्रात काय लिहितो? थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा चैन करता येईल. एरवी त्याला पाव आणि पाणी पुरत असे.

इ.स.पू. ३४१ मध्ये सामोस बेटावर तो जन्मला. पस्तिशीच्या सुमारास अथेन्सला आला आणि ऐंशी मिना मोजून त्यानं बाग घेतली. तिथं भरणाऱ्या मंडळीत बायका असत, गुलामही असत. मग काय, आत काय चालतं याची गावभर कुजबुज. ती दोन हजार वर्षं थांबलेली नाही. आपल्याकडे चार्वाकांचं असंच झालं. विरोधकांच्या ग्रंथांतून आलेलं उसनवारीचं तूप तेवढं लोकांच्या लक्षात राहिलं.

एपिक्युरसचं सुख म्हणजे शरीराला वेदना नाही आणि मनाला घोर नाही. बस्स. भूक नैसर्गिक आणि गरजेची, पक्वान्न नैसर्गिक पण बिनगरजेचं, आणि मानमरातब दोन्हींत न बसणारा. शाल-श्रीफळ घ्यायला आलेल्या वक्त्यानं हे सांगणं जरा अवघडच आहे!

सद्गुणाचं काय? न्यायानं आणि शहाणपणानं वागल्याशिवाय सुखानं जगताच येत नाही, असं तो ठासून सांगतो. पण कारण बघा: चोरी आज पचली, तरी कधीच उघडकीला येणार नाही याची खात्री चोराला मिळत नाही, आणि तो घोर त्याचं सुख खातो. म्हणजे सद्गुण हवा तो सुखासाठी. इथंच स्टोइकांनी, म्हणजे सद्गुणालाच सर्वस्व मानणाऱ्या पंथानं, त्याला धरलं. त्यांच्यातला क्लिअँथिस श्रोत्यांना एक चित्र कल्पायला सांगे. सुखदेवी राणीसारखी सिंहासनावर बसली आहे आणि सगळे सद्गुण दासी होऊन तिच्या कानाशी लागले आहेत: बाईसाहेब, लोक दुखावतील असं काही करू नका हं! चित्र झोंबणारं आहे, आणि एपिक्युरसच्या युक्तिवादात त्याला चोख उत्तर मला सापडत नाही.

त्याच्या शेवटच्या दिवसात मात्र काही सापडतं. बाहत्तराव्या वर्षी मूतखड्यानं तो चौदा दिवस तळमळला. शेवटच्या पत्रात मित्राला लिहितो, वेदना याहून जास्त असूच शकत नाही, पण आपल्या जुन्या बोलण्यांच्या आठवणींचा आनंद तिच्यासमोर उभा आहे. आणि पुढं? मेट्रोडोरसच्या पोरांकडे लक्ष दे. हा मेट्रोडोरस त्याचा सखा, आधीच वारलेला. मृत्युपत्रातही तेच: मुलांचा सांभाळ, मुलगी वयात आली की तिचं लग्न, चार गुलामांची मुक्तता.

इ.स.पू. ४५ मध्ये रोमन वक्ता सिसेरोनं हेच पत्र पुढं करून त्याला कोंडीत पकडलं. मेल्यावर आपल्याला काहीच जाणवणार नाही म्हणणाऱ्या माणसानं मित्राच्या पोरांची काळजी का करावी? त्यात त्याला कोणतं सुख? सिसेरोचा निकाल असा की हा माणूस बोलण्यापेक्षा वागण्यात चांगला होता.

आपली नेहमीची तक्रार याच्या नेमकी उलट असते. बोलणं उंच, वागणं खुजं, यालाच आपण ढोंग म्हणतो. स्वतःची किंमत सिद्धांतात कमी सांगायची आणि आयुष्यात जास्त मोजायची, या प्रकाराला आपल्याकडे नावच नाही. सिसेरोला ही विसंगती वाटली. तर्कात ती आहेच. पण त्या बागेत छत्तीस वर्षं राहिल्यावर दुसऱ्याची पोरं त्याला ‘दुसऱ्याची’ वाटतच नसतील, तर सुख कुणाचं आणि सद्गुण कुणासाठी, हा हिशेब तरी कुठून सुरू करायचा?

मृत्युपत्रात आणखी एक कलम आहे. दर महिन्याच्या विसाव्या दिवशी सगळ्यांनी जमायचं, त्याची आणि मेट्रोडोरसची आठवण काढायची. त्यासाठी पैशांची तजवीजही त्यानं करून ठेवली होती.