जनावराला मुक्काम कोण देतो?



‘पाळीव प्राण्यांसह परदेशप्रवास’ असा माझ्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर छापून आल्यावर काही ज्येष्ठांना गंमत वाटली, हे माझ्या कानावर आलं आहे. भोरात हा विषय ऐकणार कोण, असा त्यांचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. पण जनावरं घेऊन परमुलखात जाणारी माणसं आपल्या गावावरून दरवर्षी जातात. विमानाने कुत्रा नेणाऱ्यांपेक्षा त्यांचा अनुभव पिढ्यानपिढ्या जुना आहे, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून करतो.

दिवाळी झाली की फलटण, बारामती, पुरंदरकडचे धनगरांचे वाडे, म्हणजे त्यांचे फिरते तळ, पश्चिमेकडे सरकू लागतात. त्यातले काही भोरवरून हिर्डोशीच्या अंगाने वरंधा घाट उतरतात आणि महाडकडे कोकणात जातात. घोड्याच्या पाठीवर बिऱ्हाड, बिऱ्हाडावर बांधलेल्या कोंबड्या, झोळीत वाटेत जन्मलेलं कोकरू, कळपाच्या मागेपुढे कुत्री. पावसाआधी घाट चढून परत यायचंच. दख्खनी मेंढी कोरड्या मुलखातली, कोकणातला चिखल तिच्या खुरांना सोसत नाही.

या लोकांचा मुक्काम कसा ठरतो ते बघा. वाड्यातला जाणता माणूस पुढे जाऊन शेतकऱ्याला गाठतो. मेंढरं किती, रात्री किती, पाणी कुठे पाजायचं, कुणाच्या बांधाला तोंड लावू द्यायचं नाही, हे आधी बोललं जातं. संध्याकाळी रानात वाघर लावायची, तिच्या जाळ्यात मेंढरं कोंडायची, दुसऱ्या रात्री वाघर पुढच्या तुकड्यात सरकवायची. लेंडी आणि मूत रानभर सारखं पडतं. बदल्यात शेतकरी धान्य देतो, नाहीतर रोख पैसे. म्हणजे पाहुणा जागा वापरतो आणि वर यजमानाकडूनच घेऊन जातो! जगातल्या कुठल्या हॉटेलात हे जमेल? ‘तुम्हाला मेंढ्या आवडतात का?’ असं मात्र तिथे कुणी कुणाला विचारत नाही. यजमानाचा फायदा काय आणि नुकसान झालं तर भरून कोण देणार, एवढ्या दोन गोष्टी पक्क्या असतात. म्हणूनच ओळखपाळख नसतानाही शेकडो जनावरांना रात्रीची जागा मिळते.

ही जागा आता आक्रसते आहे, आणि त्यात आपल्या पाण्याचाही हात आहे. भाटघरचं धरण १९२०च्या दशकात पुरं झालं. त्याचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती आणि फलटणकडे गेलं, माळरानं उसाखाली आली. धनगरांच्या घरचीच चराई कमी झाली. पुढे रासायनिक खताच्या गोण्या आल्या आणि लेंडीची गरजही उतरली. धरणाला मी दोष देत नाही. पण यजमानाचा फायदा संपला की पाहुणचारही पातळ होतो, एवढं यातून दिसतं.

स्पेनने हा प्रश्न कायद्याने हाताळला. तिथे कळपांच्या जुन्या वाटांचं जाळं सव्वा लाख किलोमीटरचं मानलं जातं आणि १९९५च्या कायद्याने त्या वाटा सार्वजनिक मालमत्ता म्हणून राखल्या आहेत. ऑक्टोबरातल्या एका रविवारी माद्रिदच्या भर रस्त्यातून मेंढरं जातात. १४१८ सालच्या करारानुसार हजार मेंढरांमागे पन्नास जुनी नाणी असा कर ठरला होता, तो प्रतीक म्हणून महापालिकेत आजही भरला जातो. आपल्याकडे घाटात कळप दिसला की गाडीवाला हॉर्नवरचा हात काढत नाही. २०२६ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. निदान या वर्षी तरी हॉर्न जरा कमी वाजवावा.

आता विमानाकडे येतो. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची मुलं पुण्यात, काहींची जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत. मुलगी नोकरीसाठी निघते आणि घरातलं कुत्रं बरोबर न्यायचं म्हणते. मी पशुवैद्य, त्यामुळे असे लोक माझ्याकडे येतात, आणि बहुतेक वेळा तिकीट काढून झाल्यावर येतात. तिथेच गाडी अडते.

युरोपीय संघाचा नियम घ्या. सगळ्यात आधी मायक्रोचिप. तांदळाच्या दाण्याएवढी ती चिप मानेजवळ कातडीखाली घालतात, तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक असतो. त्यानंतर रेबीजची लस. हा क्रम उलटला, आधी लस आणि मग चिप असं झालं, तर ती लस धरली जात नाही, कारण टोचलं ते हेच कुत्रं याचा पुरावा उरत नाही. लशीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घ्यायचं आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत रेबीजविरोधी प्रतिपिंडं मोजायची. ती मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त हवीत. रक्त घेतल्या दिवसापासून तीन महिने थांबायचं. भारत त्यांच्या सवलतीच्या यादीत नाही, म्हणून ही वाट पाहणं. बेरीज केली तर चार महिने सहज जातात. इंग्लंडचा हिशेबही असाच आहे. तिथे शिवाय कुत्र्याला पट्टकृमीचं औषध पोचण्याआधी २४ ते १२० तासांच्या आत पशुवैद्याच्या हातून द्यावं लागतं, आणि विमानाने जाणारं जनावर प्रवाशाच्या मांडीवर बसून उतरत नाही, मालवाहतुकीतून येतं. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले: कुत्रं सहा महिन्यांचं तरी हवं, आणि भारतासारख्या रेबीजचा धोका असलेल्या देशातून येणाऱ्यांना जादा कागद. ऑस्ट्रेलियात तर भारतातून थेट कुत्रं नेताच येत नाही. आधी त्यांच्या मान्य देशात नेऊन तिथल्या अटी पुऱ्या करायच्या आणि शेवटी मेलबर्नजवळ मिकलहॅमच्या सरकारी विलगीकरण केंद्रात किमान दहा दिवस ठेवायचं. एवढी यातायात कुत्र्याच्या भल्यासाठी आहे की मालकाच्या समाधानासाठी, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावं. म्हातारं, हृदयाचा त्रास असलेलं कुत्रं आजी-आजोबांजवळ भोरात राहिलेलं बरं, असं मी तोंडावर सांगतो. लोक नाराज होतात.

पग कुत्र्याबद्दलही मी तेच सांगतो. मोबाइलच्या एका जाहिरातीनंतर ही जात घरोघरी पोचली. चपट्या नाकाच्या या कुत्र्यांना उकाड्यात आणि ताणात श्वास पुरत नाही. बऱ्याच विमान कंपन्या पग, बुलडॉग आणि पर्शियन मांजर विमानाच्या सामानकक्षात घेत नाहीत. झोपेचं औषध देऊन न्यावं असं अनेकांना वाटतं, ते करू नका. उंचीवर त्या औषधाने श्वास आणि रक्तदाब बिघडू शकतो. त्यापेक्षा पिंजरा महिनाभर आधी घरात आणून ठेवा. आत उभं राहता, वळता आणि पसरता आलं पाहिजे. कुत्र्याला त्यात जेवायची आणि झोपायची सवय लावा. निर्यातीचा दाखला केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण केंद्रातून मिळतो, आपल्याला जवळचं मुंबईचं.

पोचल्यावर घराचा प्रश्न. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली ठरवलं की भाडेकरारात कुत्र्या-मांजरांना सरसकट बंदी घालणारं कलम चालणार नाही, प्रत्येक प्रकरण वेगळं तपासावं. त्याच देशात गावोगावी कुत्र्यावर वार्षिक कर असतो आणि मोठ्या कुत्र्याला रेल्वेचं तिकीट काढावं लागतं. हक्काबरोबर बिलही येतं, हे मला पटतं. आपल्याकडे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली गृहनिर्माण सोसायट्यांना कळवलं की पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. तरी पुण्यात जागा शोधणाऱ्याला कुत्रं आहे म्हटल्यावर काय ऐकावं लागतं, ते सांगायला नको.

शेवटचा मुद्दा आपल्या दारातला. भाटघरच्या काठाने आणि वेल्ह्यात (आता कागदोपत्री राजगड तालुका, बोलताना वेल्हंच) शेतघरं आणि मुक्कामाच्या जागा वाढत आहेत. पुण्याची माणसं शनिवारी कुत्रं घेऊन येतात. मावळातल्या जुन्या घरांत एका छपराखाली अर्धं घर माणसांचं आणि अर्धं गुरांचं असायचं, तेव्हा जनावराशेजारी झोपणं आपल्याला शिकवायला नको. पण शहरातलं कुत्रं आणि गावातलं रान यांची गाठ नीट घालून द्यावी लागते. बिबट्या आपल्याकडे आहे आणि बाहेर बांधलेलं कुत्रं त्याला सोपं सापडतं, म्हणून रात्री पाहुण्याचं कुत्रं आत असलं पाहिजे. मोकळं सोडलेलं कुत्रं कोंबड्यांमागे, करडांमागे धावतं. भरपाईवरून वाद झाला की पुढच्या वेळी ‘कुत्र्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी लागते. गोचिडांच्या तापाने गेलेली कुत्रीही मी पाहिली आहेत. गवतात फिरून आल्यावर कानामागे, बोटांच्या बेचक्यात तपासणं हे मालकाचं काम.

म्हणून ज्यांच्या जागा आहेत त्यांना माझी विनंती: जनावराचे पैसे वेगळे घ्या, बिनदिक्कत घ्या. लसीचा दाखला बघितल्याशिवाय खोली देऊ नका. रात्री कुत्रं कुठे झोपेल, पट्टा कुठे लागेल, कोंबडी मेली तर किती द्यायचे, हे पैसे घेण्याआधी लिहून दाखवा. आणि ज्यांच्या घरातलं कुणी पुढच्या वर्षी परदेशी निघणार आहे त्यांनी कुत्र्याची चिप याच महिन्यात बसवून घ्या. लस त्यानंतर, आणि तिकीट सगळ्यात शेवटी.