एका संख्येचा गुण कोणाचा?



छत्रपती संभाजीनगरचा पिनकोड 431001. यातल्या अंकांची बेरीज 9 येते आणि 9 ने या संख्येला पूर्ण भाग जातो. पडेगावशेजारच्या छावणीचा पिनकोड 431002. त्याच्या अंकांची बेरीज 10, पण 10 ने त्याला भाग जात नाही. आपल्याच अंकांच्या बेरजेने जिला पूर्ण भाग जातो, त्या संख्येला देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांनी ‘हर्षद’, म्हणजे आनंद देणारी, असे नाव दिले. 431001 हर्षद आहे. तिला लागून असलेली 431002 नाही.

यावर जुना आणि वजनदार आक्षेप आहे. 431001 म्हणजे 81 गुणिले 17 गुणिले 313, हे कुठल्याही पद्धतीने लिहिले तरी खरेच राहते. अंकांची बेरीज मात्र आपण दहा-दहाचे गट करतो म्हणून 9 येते. बारा-बाराचे गट करून हीच संख्या लिहिली, तर अंकांची बेरीज 32 होते. विषम संख्येला 32 ने भाग जाणार नाही, आणि हर्षदपण संपते. मग हा गुण संख्येचा नव्हे, तिच्या लेखनाचा, असे कोणी म्हणेल. इंग्लंडचे थोर गणिती हार्डी यांनी 1940 च्या आपल्या पुस्तकात अंकांच्या अशा गमतींना गंभीर गणितात स्थान नाकारले होते. एकेकट्या संख्येपुरता हा आक्षेप मला मान्य आहे. पण प्रश्न जरा रुंद केला की आक्षेप टिकत नाही.

1 ते 10 या सगळ्या संख्या हर्षद आहेत. 11 ला रांग तुटते, कारण बेरीज 2 आणि संख्या विषम. मग सलग हर्षद संख्यांची रांग जास्तीत जास्त किती लांब असू शकेल? गणिती कर्टिस कूपर आणि रॉबर्ट केनेडी यांनी 1993 मध्ये सिद्ध केले की सलग 20 हर्षद संख्या असतात, 21 कधीच नसतात. आणि त्यांनी रचून दाखवलेली अशी 20 संख्यांची रांग जिथे सुरू होते, ती संख्या 4,436 कोटींहून अधिक अंकांची आहे. सेकंदाला एक अंक या वेगाने ती मोठ्याने वाचायची, तर सुमारे 1,400 वर्षे लागतील. जी कोणी वाचू शकणार नाही, तिच्याबद्दल आपण खात्रीने बोलू शकतो. ही ताकद सिद्धतेची.

आता दहाच्या आक्षेपाकडे परत येऊ. गणिती ग्रंडमन यांनी 1994 मध्ये दाखवले की गट कितीचाही करा, सलग हर्षद संख्या त्या गटाच्या दुपटीपर्यंतच जातात, त्यापुढे एकही नाही. दहाला 20, बाराला 24. लेखनपद्धत बदलली की हर्षद संख्या बदलतात, पण नियम बदलत नाही. म्हणजे कापरेकरांनी ज्याला नाव दिले तो केवळ लेखनातला योगायोग नव्हता. लेखनाच्या आडून दिसणारा तो संख्यांचाच स्वभाव होता. मुलाने वहीत अंकांची बेरीज करून काही गंमत शोधली, तर ती खोडू नका. ‘हे नेहमीच होईल का?’ एवढेच त्याला विचारा. गणित तिथून सुरू होते.